तांडेलाची घासाघीस

सिल्व्हर पार्कमधल्या त्या इमारतीत सकाळचे साडेसहा वाजले हे कळायला कुणाला घड्याळ लागत नसे. तिसऱ्या मजल्यावर कमळाबाईंनी मासळीची रिकामी पाटी उचलली, की त्यांचा कुत्रा भुंकायला लागायचा. मध्येच तो गप्प झाला तर त्याचे दोनच अर्थ असत. एक तर त्याने कमळाबाईंच्या लुगड्याचं टोक दातात धरलेलं असे, नाही तर त्याच्या तोंडात सुका बोंबील पडलेला असे.

कुत्र्याचं नाव तांडेल. होडीवरच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात. हा पिल्लू असताना पालीच्या धक्क्यावर कुठूनसा आला आणि कमळाबाईंच्या नवऱ्याच्या होडीत चढून थेट पुढच्या टोकावर छाती काढून बसला. महिपत म्हणाले, "घ्या, तांडेल आला. आता आपल्याला काम न्हाय." चार वर्षांपूर्वी महिपत गेले. पुढे मुलाने, निकेतने, सिल्व्हर पार्कमध्ये घर घेतलं आणि आईला बोलावलं. कमळाबाई आल्या त्या एका हातात पाटी आणि दुसऱ्या हातात तांडेलचा पट्टा धरून. बाकीचं सामान नंतर टेम्पोने आलं.

कमळाबाईंचं वय एकसष्ट. उंची बेताची, हात चपळ, आवाज मोठा. भाईंदर पश्चिमेच्या मासळी बाजारात त्या चौतीस वर्षं बसत होत्या. समोर आलेलं माणूस मासे घ्यायला आलंय की नुसतं बघायला, हे त्यांना चार पावलांवरून कळायचं. मात्र घरातल्या कुत्र्यापुढे त्यांचं काही चालत नव्हतं. पाटी उचलली की तो लुगडं धरायचा. त्या बोंबील टाकायच्या, तो लुगडं सोडायचा. बोंबील संपला की पुन्हा धरायचा. असे तीन बोंबील खर्ची पडले की त्या कशाबशा दाराबाहेर निसटायच्या. आणि मग आतून असा गळा काढायचा तो, की कमळाबाई जिन्याच्या वळणावरच थांबायच्या. कान देऊन ऐकायच्या. पाच मिनिटं, सात मिनिटं. शेवटी परत वर यायच्या.

"माझ्याबिगर मरंल ते पोर," त्या सुनेला म्हणायच्या.

सून रीमा रत्नागिरीची, मोजकं बोलणारी. ती म्हणायची, "आई, पोर आता सहा वर्षांचं घोडं झालंय."

शिमग्यानंतर एकदा तांडेलने लुगडं ओढलं आणि कमळाबाई दारातच पाटीसकट पडल्या. घोटा सुजला. तेव्हापासून बाजार सुटला. आधी आठवड्यातले दोन दिवस, मग चार, मग सगळेच. बाजारात त्यांची जाऊ शालू शेजारी बसायची. तिने कमळाबाईंच्या जागेवर त्यांचा पाट टाकून ठेवला होता. तिथला रिवाज असा, की जागा बसणारीची. कागदबिगद काही नाही. बाई आजारी पडली, लेकीच्या बाळंतपणाला गेली, तर शेजारणीने तिचा पाट टाकून ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याला हात लावायचा नाही. पण नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, नवी मासळी आली, की पहिल्या दिवशी जी पाटावर दिसणार नाही तिची जागा गेली.

मेअखेरीस शालूचा फोन आला. "वयनी, मी पाट ठेवतंय पुनवेपर्यंत. पुढं माझ्या हातात न्हाय. दोघीतिघींचा डोळा हाय तुझ्या जागेवर. कोपऱ्याची जागा हाय ती."

"येईन गं मी."

"कुत्र्याला विचारलंस का?" शालू म्हणाली आणि खदाखदा हसली.

कमळाबाईंना हसू आलं नाही. फोन ठेवून त्या बराच वेळ स्वतःचे हात बघत बसल्या. दोन महिन्यांत हातांचा मासळीचा वास गेला होता. साबणाचा येत होता. तो त्यांना मुळीच आवडला नाही.

निकेतने आधी एक ट्रेनर आणला. तो आला काळा गॉगल लावून, हातात लोखंडी साखळी घेऊन. म्हणाला, "मावशी, इसको दिखाना पडता है बॉस कौन है." त्याने साखळी तांडेलच्या गळ्यात घालून असा हिसका दिला, की तांडेल ओरडलाही नाही. जागच्या जागी मुतला. कमळाबाईंनी कोपऱ्यातली केरसुणी उचलली. "बॉस मी हाय," त्या म्हणाल्या, "आणि बॉस सांगतेय, साखळी सोड आणि जिना उतर." तो दोन दोन पायऱ्या टाकत उतरला.

मग रीमाने तांडेलला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कान, दात, कंबर, सगळं तपासलं. दुखणं कुठेच नव्हतं. "शरीर ठणठणीत आहे," ते म्हणाले. "आता वागणुकीचा अभ्यास केलेलं माणूस बघा." त्यांनी हेमालीचा नंबर दिला.

हेमाली भाईंदर पश्चिमेची, गुजराती, तिशीची, चष्म्याची, अंगाने किरकोळ. कमळाबाईंनी तिला दारातच उभं केलं. "कुठं शिकलीस? कागद दाखव."

"आई!" रीमा म्हणाली.

"कल्ले उघडून बघितल्याबिगर मी पापलेट घेत न्हाय. माणूस कसं घेऊ?"

हेमाली हसली. तिने फोनवर दोन सर्टिफिकेटं दाखवली, कुठे किती वर्षं शिकली ते सांगितलं आणि ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या मॅडमचा नंबरही दिला. "फोन करून विचारा, मावशी. मला राग येणार नाही." कमळाबाईंनी खरोखर फोन केला. मॅडमशी दहा मिनिटं बोलल्या. मग म्हणाल्या, "ये आत. चप्पल राहू दे, तो खाईल."

घरात पाऊल टाकताच हेमालीने नकळत रुमाल नाकाला लावला. बाल्कनीत सुके बोंबील होते, स्वयंपाकघरात सुकट होती, आणि ती होती जन्माची शाकाहारी. पण दोन मिनिटांत तिने रुमाल खिशात घातला, आणि नंतर कधी बाहेर काढला नाही. हे कमळाबाईंनी बरोबर टिपलं आणि मनात तिला मार्क दिले.

दीड तास हेमालीने तांडेलला हात लावला नाही. नुसते प्रश्न. जेवतो कधी, झोपतो कुठे, घरात कोण कोण किती वेळ, भुंकणं सुरू झालं केव्हा. वहीत लिहून घेत होती. मग म्हणाली, "मावशी, बाजाराला निघताना जे व्हायचं ते आत्ता करून दाखवा. अगदी तसंच. मी इथे नाहीच असं समजा."

कमळाबाईंनी पाटी उचलली. तांडेल भुंकला. लुगडं धरलं. बोंबील पडला. पुन्हा धरलं, दुसरा पडला. पुन्हा, तिसरा. मग कमळाबाई, हेमाली आणि रीमा, तिघी बाहेर पडल्या. फ्रिजवर हेमालीचा फोन उभा करून ठेवला होता, घरातलं सगळं टिपायला. कमळाबाई सवयीने जिन्याच्या वळणावर थांबल्या.

"नाही थांबायचं," हेमाली त्यांचा दंड धरून म्हणाली. "चला, कोपऱ्यावर चहा पिऊ."

"चहा? तो तिकडं मरतोय आणि मी चहा पिऊ?"

"मावशी, फक्त आज. माझ्यासाठी."

तो चहा कमळाबाईंना कडू लागला. पाऊण तासाने वर येऊन तिघी फोनभोवती बसल्या. पडद्यावर तांडेल दाराशी नाक लावून गळा काढत होता. कमळाबाईंचे डोळे भरले. सहा मिनिटं तो ओरडला. मग थांबला. दाराखालच्या फटीला नाक लावून हुंगलं. पलीकडे कुणी नाही असं पटल्यावर तो वळला, खाली पडलेला बोंबलाचा एक तुकडा चाटून पुसून खाल्ला, पाणी प्याला, कमळाबाईंच्या गादीवर चढला, स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या आणि पंख्याखाली चारी पाय पसरून झोपला. पुढची अडतीस मिनिटं पडद्यावर त्याचं पोट वर-खाली होत होतं. एवढंच.

कमळाबाई पडद्याजवळ सरकल्या.

"घोरतोय मेला," कमळाबाई म्हणाल्या.

"चांगली गोष्ट आहे, मावशी," हेमाली म्हणाली. "एकटं राहायची भीती असती तर तो झोपला नसता. लाळ गाळली असती, दार कुरतडलं असतं, येरझाऱ्या घातल्या असत्या. तशा कुत्र्याचा उपाय वेगळा आणि फार सावकाश असतो. तुमचा सुखी आहे."

"म्हंजे तो माझ्यासाठी रडत न्हाय?"

हेमालीने चष्मा काढला, पुसला. ती खोटं बोलली नाही. "त्याचा जीव आहे तुमच्यावर. पण हे रडणं नाही. तुम्ही जिन्यात थांबता हे त्याला वासाने कळतं. ओरडलं की परत येता हेही कळतं. मग तो ओरडतो."

तीन महिने त्या ज्याच्यासाठी घरात बसल्या होत्या, तो त्यांच्याच गादीवर घोरत होता. रीमाने सासूच्या पाठीवर हात ठेवला, आणि तेवढ्यात तिला स्वतःलाच हसू फुटलं. ते दाबता दाबता कमळाबाईंनाही फुटलं. दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"एक विचारू?" हेमालीने वही उघडली. "बोंबील तीनच का?"

"पहिल्यांदा एकच देत होते. एकावर सोडायचा. मग एकावर ऐकेना, जास्ती ओरडायला लागला, म्हणून वर दुसरा घातला. मग वर तिस..." बोलता बोलता त्यांचा हात हवेत थांबला.

बाजारात हे रोजचंच होतं. गिऱ्हाईक वाटा पसंत करतं, पिशवी उघडतं आणि म्हणतं, मावशी, वर एक घाल ना. गप्प उभं राहणाऱ्याला कुणी वरचा मासा देत नाही. जो कटकट करतो, आवाज चढवतो, त्याला लवकर कटवायला म्हणून मासा घातला जातो. आणि ज्याला एकदा मिळाला तो दुसऱ्या दिवशी दोन मागतो. चौतीस वर्षांत कमळाबाईंनी शेकडो घासाघीस करणारे असे स्वतःच्या हाताने तयार केले होते.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा तर माझा गिऱ्हाईक झालाय!"

हेमालीने वही मिटली. नंतर ती रीमाला म्हणाली, मी जे समजावायला दोन तास घेणार होते ते यांनी एका वाक्यात सांगितलं.

उपाय ऐकायला सोपा होता. लुगडं धरलं, भुंकला, तर काही द्यायचं नाही. ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. खांबासारखं उभं राहायचं. आणि दारापासून लांब, भिंतीशी टाकलेल्या गोणपाटावर तो आपणहून गप्प बसला, की त्याच क्षणी खाऊ. मागायच्या आधी. खाऊही मोठा नाही, नखाएवढा.

"बोंबलाला मीठ असतं का?" हेमालीने विचारलं. "मीठ कुत्र्याला वाईट."

"मीठ?" कमळाबाईंना तो अपमान वाटला. "आमचे बोंबील वाऱ्यावर सुकतात पोरी. मीठ लावतात ते दुसऱ्यांचे."

"मग चालेल. पण सुरुवातीला तो आणखी चढेल. रोज मिळणारी गोष्ट बंद झाली की आधी जोर लावून बघतो. तेव्हा लोक घाबरतात आणि देऊन टाकतात."

"ते मना नको सांगू. गिऱ्हाईक भाव पटला न्हाय की पाठ फिरवतं, दोन पावलं जातं, आणि मग मान वळवून बघतं. तेव्हा त्याच्याकडे बघायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी कमळाबाई इमारतीतल्या दारोदार गेल्या. सोसायटीचे सेक्रेटरी जयकुमार यांच्याकडे सगळ्यात आधी. "जयकुमारभाऊ, पंधरा दिवस जास्ती आवाज होईल. मग न्हाय होणार."

जयकुमार रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलायला खवचट. "म्हणजे आत्तापर्यंत होत होता तो कमी होता?"

"तो नमुना होता."

जयकुमार उठले. त्यांनी लिफ्टशेजारच्या फळ्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'तिसऱ्या मजल्यावर कुत्र्याचे शिक्षण चालू आहे. सहकार्य करावे.' खाली कुणीतरी पेन्सिलीने 'फी किती?' असं लिहून ठेवलं.

पावसाळ्यामुळे मासेमारी बंदच होती, त्यामुळे वेळच वेळ होता. कमळाबाई दिवसातून वीस वेळा पाटी उचलायच्या आणि परत ठेवायच्या. कुठेही जायच्या नाहीत. पाटी उचलून भाजी निवडायला बसायच्या. पाटी काखेत धरून टीव्ही बघायच्या. तांडेलचा गोंधळ उडाला. पाचव्या दिवशी मात्र तो असा पिसाळल्यासारखा भुंकला, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी ताट वाजवलं. कमळाबाईंचा धीर सुटला आणि हातातून बोंबील निसटला. तो अख्खा होता.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोन केला. "हेमालीबेन, आज एक गेला हातून."

"गेला तर गेला. आता दोन दिवस तो जास्त जोर लावेल. तुम्ही खांब व्हा."

"रागावत न्हायस?"

"तुम्हाला रागावले तर उद्या तुम्ही मला सांगणार नाही," हेमाली म्हणाली.

कमळाबाईंनी हे वाक्य रीमाला दोनदा सांगितलं.

जुलैच्या मध्यावर एक सकाळ अशी आली, की पाटी उचलल्यावर तांडेल उठला, लुगड्यापाशी आला, तोंड उघडलं, आणि काहीतरी आठवल्यासारखा थबकला. मागे वळून गोणपाटावर जाऊन बसला. त्याचं बूड गोणपाटाला टेकतं न टेकतं तोच नखाएवढा बोंबील त्याच्या पुढ्यात पडला होता. हेमाली त्या दिवशी घरातच होती.

"मावशी, तुमचा हात माझ्यापेक्षा फास्ट आहे. मी कितीतरी लोकांना शिकवते. खाऊ द्यायची वेळ साधायला त्यांना महिनामहिना लागतो."

"चौतीस वर्षं तराजूवर हात हाय. काटा मधे आला की उचलायचं," कमळाबाई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा असा फुलला होता, की रीमाने गुपचूप फोटो काढला.

मग दाराबाहेर एक मिनिट. मग पाच. मग खालच्या फाटकापर्यंत. खरी पंचाईत झाली ती कमळाबाईंचीच. तांडेल आत गप्प असायचा आणि त्या जिन्याच्या वळणावर पाय रोवून उभ्या, कान वर. हेमाली म्हणायची, "मावशी, तुमचं गोणपाट खाली रस्त्यावर आहे. तिकडे चला." कमळाबाई खाली जायच्या आणि म्हणायच्या, "मना पण काहीतरी दे खायला." दुसऱ्या वेळी हेमालीने पर्समधून खाकऱ्याचं पाकीट काढलं. तेव्हापासून फाटकाशी पोचलं की खाकरा, हे ठरूनच गेलं.

नारळी पौर्णिमा झाली. पालीच्या होड्या सजून समुद्रात गेल्या. चौथ्या दिवशी रात्रीच्या जेवणाच्या वेळी शालूचा फोन. "उद्या मासळी येतेय वयनी. टेम्पोवाला सदू साडेसातला बाजारात पोचवणार. आठला तू पाटावर दिसली पाहिजेस. बाजारातल्या म्हाताऱ्या जागा बघायला येणार हायत."

"दिसेन."

त्या रात्री कमळाबाईंनी नऊवारी घडी करून उशाशी ठेवली. नवं लुगडं नेसायचं की जुनं, हा प्रश्न होता. शेवटी नवंच ठरवलं. तो विश्वास होता, की हट्ट, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

सकाळी साडेसहाला त्यांनी पाटी उचलली. रीमा स्वयंपाकघराच्या दारात उभी. निकेत दात घासता घासता थांबलेला. तांडेलने मान वर केली. पाटीकडे बघितलं, नव्या लुगड्याकडे बघितलं. उठला. दोन पावलं आला. कमळाबाई दाराकडे तोंड करून खांबासारख्या उभ्या. मागून नखांचा आवाज आला, टक टक टक, आणि मग गोणपाटाची खसखस. त्यांनी मागे न बघता हात फिरवला. बोंबील नेमका पडला असणार, कारण मागून चावल्याचा आवाज आला. त्या बाहेर पडल्या. जिन्याचं वळण आलं आणि गेलं. खाली जयकुमार पेपर घेऊन उभे होते. त्यांनी वर बघितलं, मनगटावर बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"आज कुत्रा आजारी आहे का?"

"पास झाला," कमळाबाई म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

बाजारात त्या सव्वासातला पोचल्या. पाट जागेवर होता. शालूने तो धुऊन ठेवला होता. कमळाबाई बसल्या, मांडी घातली, कोयता पुढ्यात ठेवला. टेम्पोतली मासळी आली. पापलेटं चांदीसारखी, कोळंबी अजून हलती. त्यांनी वाटे मांडले. पलीकडे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. त्यांनी माना डोलावल्या आणि निघून गेल्या. एवढ्यावर तो विषय संपला.

गिऱ्हाइकं यायला लागली. शालूचा वाटा गेला, पलीकडच्या संचिताची सुरमई गेली. कमळाबाईंच्या समोरून माणसं सरळ पुढे जात होती.

"वयनी," शालू कुजबुजली, "काय झालंय तुला? नुसती बसलीस ती?"

कमळाबाई चपापल्या. खरंच, त्या गप्प बसल्या होत्या. हात मांडीवर, नजर सरळ, खांबासारख्या. दोन महिने घरात आवाज चढवायचा नाही, बघायचं नाही, वाट बघायची, हे इतकं अंगात भिनलं होतं, की बाजारात ओरडायचं असतं हेच त्या विसरल्या होत्या.

त्यांनी घसा खाकरला. एक बारीकसा आवाज निघाला. शालू हसून पाटावरून पडायची बाकी राहिली. "अगं, कुत्रा शिकला की तू?"

मग कमळाबाईंनी पदर कमरेला खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि दोन महिन्यांचा साठवलेला सगळा आवाज एकदम सोडला. "ये ताई! पापलेट बघ! आत्ता समुद्रातनं उठून आलंय, डोळं उघडं हायत त्याचं! ये गं, कल्ले उघडून बघ, मग घे!" पलीकडच्या भाजीवाल्याच्या हातातली जुडी खाली पडली. रस्त्यावरच्या दोन रिक्षा उगीचच थांबल्या. चार बायका वळल्या आणि सरळ त्यांच्या कोपऱ्याकडे चालत आल्या.